बायबलच्या अ‍ॅपमध्ये ‘इतिहास’, ‘काव्य’, ‘भविष्यवाणी’ ही लेबलं नक्की लावतं कोण?

समजा, बारामती एमआयडीसीत दुसरी पाळी चालू आहे. जेवणाची सुट्टी झाली आणि कुणीतरी मोबाईलवर मराठी बायबलचं अ‍ॅप उघडलं. समोर ‘योना’ नावाचं पुस्तक आलं. वर बारीक अक्षरांत लेबल आहे, ‘भविष्यवाणी’. पुस्तक चारच अध्यायांचं असल्यामुळे डबा संपेपर्यंत वाचून होतं. पण त्यात भविष्यवाणी शोधायला जावं तर हाती लागतं जहाज, वादळ, मोठा मासा आणि शेवटी देवावर रुसून बसलेला एक माणूस. सरळसरळ गोष्टच. निनवे शहराला योना जो इशारा देतो, तो मूळ हिब्रूत मोजून पाच शब्दांचा आहे. बाकी सगळी कथा आणि मध्येच माशाच्या पोटातली एक प्रार्थना, तीही कवितेत.

मग या पुस्तकावर ‘भविष्यवाणी’ असं कुणी लिहिलं? बायबलने? चर्चने? की अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने?

एमआयडीसीत काम करणाऱ्याला हा प्रश्न नवा वाटू नये. मशीन शॉपमध्ये स्टीलचा बार आला की त्याचा हीट नंबर बघतात, सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट जुळवतात. कागद नसेल तर माल बाजूला ठेवला जातो. बायबलच्या अ‍ॅपमधल्या लेबलांसोबत असा कागद बऱ्याचदा नसतो. तरीही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला की कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतंच: अ‍ॅपमध्येच ‘इतिहास’ लिहिलंय, आता बोला!

आधी मोरोपंतांकडे जाऊ

साहित्यप्रकाराचं लेबल म्हणजे काय, हे बारामतीतच सगळ्यात सोपं कळतं. मोरोपंत (१७२९–१७९४) इथे राहिले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. त्यांची ‘केकावली’ घ्या. वृत्त विचाराल तर ती पृथ्वी वृत्तातली रचना आहे. हेतू विचाराल तर ती देवाला केलेली विनवणी, म्हणजे स्तोत्र. आणि शाळेच्या पुस्तकात बघाल तर ती ‘पंडिती काव्य’ या कप्प्यात आहे.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण तिन्हींचा धनी वेगळा आहे. वृत्त मोरोपंतांनी स्वतः निवडलं. स्तोत्र हा प्रकार त्यांच्या आधी शेकडो वर्षं चालत आला होता. ‘पंतकवी’ हे लेबल मात्र नंतरच्या काळातल्या साहित्याच्या इतिहासकारांनी लावलं. संत कवी एका बाजूला, पंत कवी दुसऱ्या बाजूला, शाहीर तिसऱ्या बाजूला अशी मांडणी सोयीची होती म्हणून ती टिकली.

बायबलच्या बाबतीतही हेच झालंय. फरक एवढाच की तिथे धनी तीनपेक्षा जास्त आहेत आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर ते सगळे एकाच फॉन्टमध्ये दिसतात.

मूळ ग्रंथात काही लेबलं आहेत का?

थोडी आहेत. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर जुनी शीर्षकं आहेत. त्यात ‘मिझमोर’, ‘शीर’, ‘मस्कील’, ‘मिख्ताम’ असे हिब्रू शब्द येतात. मिझमोर म्हणजे वाद्याच्या साथीने गायचं गीत, शीर म्हणजे गाणं. मस्कील आणि मिख्ताम म्हणजे नक्की काय, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

बायबलच्या आतून आलेली साहित्यप्रकाराची लेबलं म्हणावीत तर ही. गंमत म्हणजे बहुतेक अ‍ॅप्स वर्गीकरणासाठी नेमकी हीच वापरत नाहीत, कारण वाचकाला ती कळणार नाहीत. ‘काव्य’ लिहिलं की काम भागतं.

पुस्तकं तीच, कप्पे वेगळे

सगळ्यात जुन्या वर्गवाऱ्यांपैकी एक पहिल्या शतकातल्या जोसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवली आहे. त्याने पवित्र ग्रंथ २२ मोजले: मोशेचे ५, संदेष्ट्यांचे १३ आणि स्तुतिगीतं व आचरणाचे उपदेश यांचे ४. यात ‘इतिहास’ असा वेगळा कप्पाच नाही. जुन्या काळाची हकिगत संदेष्ट्यांनी लिहून ठेवली, असं त्याचं गणित होतं.

यहुदी परंपरेत पुढे पक्की झालेली विभागणीही तिहेरीच आहे: तोरा, नवीईम आणि कतुवीम. म्हणजे नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख. ख्रिस्ती बायबलमध्ये शमुवेल आणि राजे ही पुस्तकं ‘ऐतिहासिक’ म्हणून येतात, तर यहुदी यादीत ती ‘संदेष्टे’ या विभागात बसतात. दानीएलचं उलटं आहे. ख्रिस्ती यादीत तो मोठ्या संदेष्ट्यांच्या रांगेत, तर यहुदी यादीत ‘लेख’ या विभागात. ग्रीक भाषांतराच्या परंपरेत दानीएल संदेष्ट्यांसोबत गेला आणि ख्रिस्ती जगाने तीच रांग चालू ठेवली.

प्रोटेस्टंट मंडळींच्या संडे स्कूलमध्ये भिंतीवर जो तक्ता लावतात, तो या रांगेवर बेतलेला असतो. नियमशास्त्र ५, इतिहास १२, काव्य ५, मोठे संदेष्टे ५, लहान संदेष्टे १२. बेरीज ३९. पाच-बारा-पाच-पाच-बारा असा हा ठेका मुलांच्या सहज लक्षात राहतो. बऱ्याच अ‍ॅप्सच्या मेनूत दिसणारी लेबलं म्हणजे हाच तक्ता. कॅथलिक आवृत्तीत यादी आणखी लांबते आणि ‘काव्य’ऐवजी ‘ज्ञानग्रंथ’ असा सात पुस्तकांचा गट येतो. त्यामुळे वसईतल्या कॅथलिक घरातलं छापील बायबल आणि मोबाईलमधलं प्रोटेस्टंट अ‍ॅप यांची लेबलं जुळली नाहीत, तर त्यात कुणाचीही चूक नाही.

मराठीत तर नावातच लेबल आहे

हा भाग मराठी वाचकाने जरा थांबून बघण्यासारखा आहे.

जुन्या करारातल्या दोन पुस्तकांना मराठी बायबलमध्ये ‘१ इतिहास’ आणि ‘२ इतिहास’ अशी नावं आहेत. हिब्रूत त्यांचं नाव आहे ‘दिव्रे हय्यामीम’. शब्दशः अर्थ ‘दिवसांच्या गोष्टी’, आपल्याकडच्या रोजनिशी किंवा बखरीच्या जवळ जाणारा. ग्रीक भाषांतरात त्याच पुस्तकांना ‘राहून गेलेल्या गोष्टी’ या अर्थाचं नाव मिळालं. मराठीत त्याचा झाला ‘इतिहास’, ज्याची फोड ‘इति ह आस’, म्हणजे ‘असं खरोखर घडलं’ अशी करतात. एका भाषेत रोजनिशी, दुसरीत पुरवणी, तिसरीत थेट घडल्याची ग्वाही. मराठी वाचकाने पान उघडण्याआधीच लेबल वाचलेलं असतं.

पुढे बघा. ‘स्तोत्रसंहिता’, ‘नीतिसूत्रे’, ‘गीतरत्न’, ‘विलापगीत’. स्तोत्र, संहिता, सूत्र, गीत हे सगळे शब्द संस्कृत परंपरेतल्या ग्रंथप्रकारांचे आहेत. ‘सूत्र’ म्हटलं की पाणिनी आठवतो: कमीत कमी शब्द, एकही अक्षर वाया नाही. हिब्रूतलं ‘मिश्ले’ हे नाव मात्र म्हण, दाखला, कोडं अशा घरगुती शब्दांच्या गोतावळ्यातलं आहे. म्हण सहसा खरी ठरते, कधी चुकतेही. सूत्राकडून आपण तशी सूट अपेक्षित धरत नाही.

सगळ्यात मजेशीर उदाहरण ‘अनुवाद’ या पुस्तकाचं. आजचा वाचक हे नाव वाचून विचारतो, कशाचा अनुवाद? इथे त्याचा अर्थ भाषांतर असा नाहीच. आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं हा ‘अनुवाद’चा जुना अर्थ आहे. मोशे लोकांना नियम परत एकदा समजावून सांगतो म्हणून हे नाव. नाव ठेवलं तेव्हा ते चपखल होतं. मग भाषा पुढे सरकली आणि लेबल तिथेच राहिलं.

परक्या ग्रंथाला आपल्या साहित्यप्रकाराचं नाव देणं महाराष्ट्र-गोव्यात जुनंच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत छापून घेतली, तीही रोमन लिपीत. आज तिला आपण ‘क्रिस्तपुराण’ म्हणतो. पुराण म्हटल्यावर ऐकणाऱ्याला कळलं की हे बसून, गटाने, ओवीच्या चालीवर ऐकायचं आहे.

याच्या उलट टोकाला पंडिता रमाबाई आहेत आणि त्या बारामतीपासून लांब नाहीत. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन. बारामतीची गाडी दौंडहून फुटते, त्यामुळे या भागातल्या लोकांना केडगाव ओळखीचं. संस्कृत कोळून प्यायलेल्या रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. आधीच्या मराठी बायबलमधले हिंदू तत्त्वज्ञानाचा रंग असलेले शब्द त्यांना खटकत. साध्या बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. छपाई केडगावच्याच छापखान्यात, मिशनमधल्या बायकांच्या हातून झाली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. कुठला शब्द कुठल्या जगाची आठवण करून देतो, हा प्रश्न किती गंभीर आहे ते त्यांना ठाऊक होतं, कारण दोन्ही जगं त्यांनी आतून पाहिली होती.

मग प्राध्यापक आले

पुस्तकाऐवजी एकेका उताऱ्याला लेबल लावण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची. १७५३ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी ऑक्सफर्डमधली आपली व्याख्यानं लॅटिनमध्ये प्रसिद्ध केली. हिब्रू कवितेत एक ओळ दुसऱ्या ओळीला पडसाद देते, तीच गोष्ट वळवून पुन्हा म्हणते, हे त्यांनी नीट मांडलं. या कसोटीवर यशयासारख्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा मोठा भाग कविता ठरला. तोवर छापील बायबलमध्ये तो गद्यासारखाच दिसायचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने स्तोत्रांची प्रकारवार विभागणी केली: स्तुतिगीत, समाजाचा विलाप, एकट्याचा विलाप, एकट्याचं आभारगीत, राजगीत वगैरे. त्याचा प्रश्न साधा होता. हे गाणं कुठल्या प्रसंगी म्हणत असतील? ओवी म्हटली की जातं आणि पाळणा म्हटला की बारसं आठवतं, तसंच. एखाद्या अ‍ॅपमध्ये स्तोत्रावर ‘वैयक्तिक विलाप’ असं लेबल दिसलं, तर त्याचं मूळ बहुधा गुंकेलपर्यंत जातं.

तिसरं नाव रॉबर्ट लॉन्गेकर (१९२२–२०१४). हे भाषाशास्त्रज्ञ. मेक्सिकोतल्या त्रिके भाषेवर त्यांनी काम केलं आणि जगातल्या कुठल्याही भाषेतलं बोलणं चार मोठ्या प्रकारांत बसवता येतं असं मांडलं. त्यासाठी प्रश्न दोनच. सांगणं काळाच्या क्रमाने पुढे जातंय का? आणि ते कुणा करणाऱ्याभोवती फिरतंय का?

बारामती-इंदापूरच्या भाषेत सांगायचं तर असं: ‘त्या वर्षी आमचा ऊस जळाला, मग आम्ही...’ हे कथन, कारण क्रम आहे आणि माणूसही आहे. ‘रस उकळायचा, मळी काढायची, मग साच्यात ओतायचा’ ही कृती, म्हणजे क्रम आहे पण करणारा कोणीही चालेल. ‘पाणी जपून वापरा’ हा उपदेश, त्यात माणूस आहे पण क्रम नाही. ‘ठिबकने पाणी का वाचतं’ हे विवेचन, त्यात दोन्ही नाहीत.

‘लोगोस’ या मोठ्या बायबल सॉफ्टवेअरमध्ये लॉन्गेकर यांच्या नावाचाच एक डेटासेट आहे. त्यात ‘इतिहास’, ‘काव्य’ असे ओळखीचे शब्द शोधून सापडणार नाहीत, कारण तिथे कसोटीच वेगळी आहे. लेवीय पुस्तकातले बलिदानाचे विधी संडे स्कूलच्या तक्त्यात ‘नियमशास्त्र’ असतात. लॉन्गेकर यांच्या चौकटीतून बघितलं तर त्यातला बराच मजकूर कृती सांगणारा वाटतो, गुऱ्हाळाच्या उदाहरणासारखा.

एक धनी पडद्यामागचा

बायबलची भाषांतरं आज बहुतेक करून ‘यूएसएफएम’ नावाच्या खुणांच्या पद्धतीत साठवली जातात. परिच्छेदाला एक खूण, कवितेच्या ओळीला दुसरी, यादीला तिसरी. भाषांतर करणारे गट ‘पॅराटेक्स्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना या खुणा घालतात. त्यांचा पहिला उपयोग छपाईसाठी: ओळ किती आत सरकवायची ते ठरवणं.

पण एखाद्या प्रोग्रामरला ‘बायबलमधली सगळी कविता’ शोधायची असेल तर तो काय करेल? सोपा मार्ग म्हणजे कवितेची खूण असलेल्या ओळी गोळा करणं. मांडणीसाठी घातलेली खूण अशी अलगद साहित्यप्रकाराचं लेबल बनून जाते. दोन भाषांतरकारांनी एकच उतारा वेगवेगळा मांडला असेल, तर एका आवृत्तीत तो ‘काव्य’ आणि दुसरीत गद्य होतो.

सोशल मीडियावर फिरणाऱ्या आकड्यांचंही असंच. ‘बायबल प्रोजेक्ट’ या अमेरिकी संस्थेच्या व्हिडिओमुळे बायबलमध्ये ४३ टक्के कथन, ३३ टक्के काव्य आणि २४ टक्के विवेचनपर गद्य आहे, हे आकडे लोकप्रिय झाले. त्यांच्या कसोटीपुरते ते उपयोगी आहेत. कसोटी बदलली की टक्के बदलतील, हे फॉरवर्ड करताना कुणी लिहीत नाही.

यानं बिघडतं काय?

नीतिसूत्रांमध्ये मुलांना योग्य वळण लावलं तर म्हातारपणीही ती ते सोडणार नाहीत, अशा आशयाचं एक प्रसिद्ध वचन आहे (२२:६). ते म्हण म्हणून वाचलं तर अनुभवाचं शहाणपण आहे. हमी म्हणून वाचलं तर, ज्या आईबापांचं पोर वाट चुकलं त्यांच्यावर तो आयुष्यभराचा ठपका ठरतो. शब्द तेच असतात, वाचणाऱ्याने मनाशी धरलेला प्रकार बदललेला असतो.

‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाचं तर विचारूच नका. ‘भविष्यवाणी’ असं लेबल वाचून लोक त्यातले प्राणी, शिंगं आणि आकडे आजच्या बातम्यांशी जुळवायला बसतात. तोच मजकूर ‘दृष्टान्त-साहित्य’ म्हणून वाचणारा आधी विचारतो की पहिल्या शतकात, रोमन सत्तेखाली जगणाऱ्या वाचकाला ही चित्रं काय सांगत होती. कोणाचं बरोबर हा वेगळा विषय. पण एका शब्दाचं लेबल वाचनाची दिशा ठरवून मोकळं होतं, आणि तो शब्द कुणाचा ते वाचकाला माहीतच नसतं.

तुमच्या अ‍ॅपमधलं लेबल कुणाचं, ते कसं ओळखायचं?

सगळ्यात झटपट चाचणी दोन उताऱ्यांची आहे. स्तोत्र १८ उघडा, मग २ शमुवेल २२ उघडा. दोन्हीकडे जवळजवळ शब्दाला शब्द तीच कविता आहे. अ‍ॅप एकीला ‘काव्य’ आणि दुसरीला ‘इतिहास’ म्हणत असेल, तर लेबल पुस्तकाला लावलंय, मजकुराला नाही. म्हणजे संडे स्कूलचा तक्ताच. दोन्हीकडे ‘काव्य’ किंवा ‘गीत’ दिसलं, तर कुणीतरी उतारा वाचून किंवा निदान मांडणीच्या खुणा बघून काम केलंय.

याच धर्तीवर यशया ३६ ते ३९ आणि २ राजे १८ ते २० पडताळता येतात. यरुशलेमच्या वेढ्याची तीच हकिगत, एका जागी ‘भविष्यवाणी’ आणि दुसऱ्या जागी ‘इतिहास’. दानीएल कुठे ठेवलाय ते बघितलं की यादी यहुदी की ख्रिस्ती, हेही समजतं. ‘कथन, कृती, उपदेश, विवेचन’ अशी चौकडी दिसली की लॉन्गेकर, विलापगीतं आणि राजगीतं दिसली की गुंकेल.

मग कागदपत्रं शोधायची. लोगोसमध्ये डेटासेटची माहितीपत्रकं लायब्ररीत पुस्तकासारखी उघडता येतात. ‘सोर्ड’ या मोफत प्रकल्पावर चालणाऱ्या अ‍ॅप्समध्ये प्रत्येक मॉड्यूलसोबत एक छोटी माहिती फाइल असते. मजकूर कुठून घेतला, आवृत्ती कुठली, परवाना कोणता, हे त्यात लिहायची सोय आहे. मोबाईल अ‍ॅपमध्ये ‘अबाउट’ किंवा ‘कॉपीराइट’ पान बघायचं. मात्र तिथे एक फसगत होऊ शकते. तिथलं नाव सहसा भाषांतराच्या मालकाचं असतं. ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन’सारखं मराठी भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुलं असल्यामुळे ते घेऊन कुणीही अ‍ॅप बनवू शकतं आणि वर आपली लेबलं चिकटवू शकतं. मजकुराचा परवाना लेबलांना लागू आहे असं धरून चालू नये.

चॅटबॉटला विचारून मात्र हे कोडं सुटत नाही. तो उत्तर देतो, आत्मविश्वासाने देतो, पण त्याने तक्ता, गुंकेल आणि लॉन्गेकर यांची एकत्र भेळ केली असण्याची शक्यता दाट असते.

काहीच सापडलं नाही तर अ‍ॅप स्टोअरवर डेव्हलपरचा ईमेल दिलेला असतो. त्यावर दोन प्रश्न पाठवायचे: साहित्यप्रकाराची यादी कुठून घेतली, आणि ती पुस्तकाला लावली की उताऱ्याला? सोबत योनाचा दुसरा अध्याय जोडायचा, ज्यात मासा आहे, प्रार्थना आहे, कविता आहे, आणि वर लेबल ‘भविष्यवाणी’ आहे.